विल्यम जेम्स : मानसशास्त्राकडे जाणारी आडवाट

मानसशास्त्राकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आज जे प्रश्न उभे राहतात, ते आपल्या परिचयाचे आहेत. पदवीला हा विषय विशेष स्तरावर घ्यावा की अन्य विषयाच्या जोडीने घ्यावा, आधी जीवशास्त्राचा अभ्यास झालेला असावा की तत्त्वज्ञानाचा, चरितार्थाच्या दृष्टीने त्याचा उपयोग किती, आणि वयाची तिशी उलटल्यावर नव्याने अशी निवड करावी का? विल्यम जेम्स या अमेरिकन विचारवंतापुढेही यांतील बहुतेक प्रश्न उभे होते. फरक इतकाच, की त्यांच्या तारुण्यात मानसशास्त्राची पदवी देणारे एकही विद्यापीठ अमेरिकेत नव्हते. ज्या विषयाची आपण निवड करावी, तो विषयच अद्याप अस्तित्वात आलेला नव्हता.

जेम्स यांच्याजवळ बी.ए.ची पदवी नव्हती. अभ्यास करून मिळवलेली त्यांची एकमेव पदवी वैद्यकाची, आणि वैद्यकीय व्यवसाय तर त्यांनी कधीच केला नाही. चित्रकला, रसायनशास्त्र, शरीररचनाशास्त्र, वैद्यक, शरीरक्रियाशास्त्र अशा वाटांनी जाऊन ते मानसशास्त्रापाशी पोहोचले आणि पुढे तेथूनही तत्त्वज्ञानाकडे निघून गेले. त्यांच्या चरित्रकारांना या भटकंतीचे मोठे कौतुक वाटते. ते अस्थानी नाही. परंतु या भटकंतीची किंमत काय होती आणि ती कोणी मोजली, हेही चरित्र वाचताना दृष्टीआड होऊ देता कामा नये.

विल्यम यांचा जन्म ११ जानेवारी १८४२ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. आजोबा आयर्लंडहून अमेरिकेत आले आणि ऑल्बनी येथे व्यापार व जमिनींच्या व्यवहारांतून त्यांनी प्रचंड संपत्ती उभी केली. वडील थोरले हेन्री जेम्स यांना लहानपणी आगीत झालेल्या अपघातामुळे एक पाय गमवावा लागला होता. वारशाने मिळालेल्या पैशामुळे त्यांना नोकरी वा व्यवसाय करण्याची गरज पडली नाही. धर्मचिंतन, लेखन आणि मुलांचे शिक्षण हेच त्यांचे उद्योग. पाच भावंडांत विल्यम सर्वांत मोठा. त्याच्या पाठचा हेन्री पुढे इंग्रजीतील श्रेष्ठ कादंबरीकार म्हणून ख्यातनाम झाला; धाकट्या बहिणीची, ॲलिसची, रोजनिशी तिच्या मृत्यूनंतर साहित्यकृती म्हणून वाचली जाऊ लागली.

मुलांनी लवकर एखाद्या व्यवसायाला बांधून घेऊ नये, आधी त्यांचे मन सर्व बाजूंनी उमलावे, असे वडिलांचे मत होते. मात्र कोणतीही शाळा त्यांच्या मनास फार काळ येत नसे. त्यामुळे न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस, बुलोन, जिनिव्हा, बॉन असा या कुटुंबाचा प्रवास सतत चालू राहिला. विल्यमला फ्रेंच आणि जर्मन भाषा उत्तम अवगत झाल्या, युरोपातील चित्रसंग्रह त्याने डोळे भरून पाहिले. पण कोणत्याही एका विषयाचे शिस्तशीर अध्ययन त्याच्या वाट्याला आले नाही. मुलाला सर्व दिशा मोकळ्या ठेवणारा हा पिता, विल्यमने चित्रकार होण्याची इच्छा व्यक्त करताच मात्र अस्वस्थ झाला. त्याच्या मते मुलाचा कल विज्ञानाकडे होता. स्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या घरांतही असे पुष्कळदा घडते.

तरीही १८६० मध्ये कुटुंब न्यूपोर्टला परतले आणि विल्यम मॉरिस हंट या चित्रकाराच्या कार्यशाळेत विल्यम दाखल झाला. त्याच्या हाती कसब होते. त्याने काढलेली रेखाचित्रे आजही उपलब्ध आहेत. परंतु एका वर्षाच्या आतच त्याने चित्रकला सोडली. सुमार दर्जाचा चित्रकार होऊन आयुष्य कंठणे त्याला मान्य नव्हते. या शिक्षणाचा उपयोग झाला नाही असे मात्र म्हणता येत नाही. मनाच्या क्षणोक्षणी बदलणाऱ्या छटा टिपणारे त्यांचे पुढील काळातील गद्य वाचताना, रंगछटांकडे एकटक पाहण्याची सवय असलेला डोळा त्यामागे असल्याचे जाणवते.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. विल्की आणि बॉब हे दोघे धाकटे भाऊ पुढे सैन्यात गेले. विल्की १८६३ मध्ये फोर्ट वॅग्नरच्या लढाईत गंभीर जखमी झाला. विल्यम युद्धावर गेला नाही. त्याच वर्षी त्याने हार्वर्ड विद्यापीठाच्या लॉरेन्स सायंटिफिक स्कूलमध्ये रसायनशास्त्रासाठी नाव घातले. तेथे चार्ल्स एलियट हे त्याचे शिक्षक होते. हा विद्यार्थी बुद्धिमान आहे, पण त्याचे चित्त रसायनशास्त्रात पुरते रमलेले नाही, हे एलियट यांनी तेव्हाच हेरले होते. पुढे हेच एलियट हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि जेम्स यांच्या आयुष्याला निर्णायक वळण त्यांच्यामुळेच मिळाले. प्रयोगशाळेतील बारीकसारीक मोजमापांना कंटाळून विल्यम जेफ्रीज वायमन यांच्याकडे तुलनात्मक शरीररचनाशास्त्र शिकू लागला.

एव्हाना तो एकवीस वर्षांचा झाला होता आणि घरची संपत्ती पूर्वीसारखी उरलेली नव्हती. थोरल्या मुलाने आता काही मिळवावे ही अपेक्षा, कोणी बोलून दाखवली नाही तरी, वातावरणात होती. १८६३ मध्ये आप्तांपैकी एका स्त्रीला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्यापुढील चार पर्याय नोंदवले : निसर्गविज्ञान, वैद्यक, छपाईचा धंदा आणि भिक्षा. विनोदाचा भाग वगळला तरी यातील चिंता खरी आहे. त्याच सुमारास आईला लिहितानाही, मनासारखे ज्ञान आणि पोटापुरता पैसा यांचा मेळ कसा घालावा, हाच विषय त्याच्या लेखणीवर येतो. १८६४ मध्ये त्याने वैद्यक निवडले. ही निवड आवडीची नव्हती, तडजोडीची होती. वैद्यकात विज्ञान होते, प्रतिष्ठा होती आणि निदान उत्पन्नाची शक्यता होती.

पुढच्याच वर्षी अभ्यास अर्धवट ठेवून तो प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी यांच्या मोहिमेबरोबर ब्राझीलला गेला. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मासे आणि अन्य जीवांचे नमुने गोळा करणे हे मोहिमेचे काम होते. तेथे देवीसदृश रोगाने तो आजारी पडला, काही काळ डोळ्यांना त्रास झाला. आपण नमुने गोळा करणारे संशोधक नाही, आपली प्रकृती चिंतनाची आहे, हे त्याला या प्रवासात उमगले. आपल्याला काय जमणार नाही याचे ज्ञान फार थोड्यांना इतक्या लवकर होते, आणि त्यासाठी ब्राझीलपर्यंत जाण्याची सोय तर त्याहून थोड्यांना असते.

पाठदुखी, डोळ्यांचा विकार, निद्रानाश आणि औदासीन्य यांनी त्याला पुन्हा घेरले. १८६७ मध्ये तो जर्मनीस गेला. ड्रेस्डेन, बर्लिन आणि तेप्लित्स येथील औषधी स्नाने हा प्रवासाचा एक हेतू होता. दुसरा हेतू त्या काळी जर्मनीत भरभराटीस आलेले शरीरक्रियाशास्त्र शिकण्याचा. मज्जातंतूंतून संवेदना किती वेगाने जाते हे हेल्महोल्ट्झ यांनी मोजून दाखवले होते. शरीराच्या हालचाली आणि मनात उमटणारी जाणीव यांच्या सीमेवर मोजमाप शक्य आहे, असे या संशोधनातून दिसू लागले होते. विल्यमने बर्लिनमध्ये ड्यू बॉय-रेमाँ यांची व्याख्याने ऐकली. मानसशास्त्राने आता विज्ञान होण्याची वेळ आली असावी, असे त्याने १८६७ मध्येच एका मित्राला कळवले होते. हेल्महोल्ट्झ आणि वुंट यांच्या हाताखाली शिकण्याच्या इराद्याने तो हायडेलबर्गलाही गेला, परंतु मनाने कच खाल्ली आणि काही दिवसांतच तो तेथून निघून आला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्यांच्यामुळे मानसशास्त्र स्वतंत्र विद्याशाखा बनले, ती पिढी मानसशास्त्राचे शिक्षण घेऊन आलेली नव्हती. हेल्महोल्ट्झ आणि वुंट हे दोघेही वैद्यकाचे पदवीधर. १८७९ मध्ये लाइप्झिग येथे वुंट यांची मानसशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली, तोवर या विषयाला स्वतःचे घर नव्हते. अमेरिकन महाविद्यालयांत मनाविषयी जे शिकवले जाई, ते मानसिक तत्त्वज्ञान या नावाने, आणि बहुधा धर्मोपदेशक असलेल्या प्राचार्यांकडून. तेव्हा वैद्यकाची पदवी ही जेम्स यांच्या बाबतीत केवळ चुकलेली वाट नव्हती; त्या काळी नव्या मानसशास्त्राकडे जाणारा रस्ता मज्जासंस्थेच्या अभ्यासातूनच जात होता. फक्त तो रस्ता कोठे पोहोचतो, हे चालणाऱ्याला ठाऊक नव्हते.

१८६९ च्या जूनमध्ये ते एम.डी. झाले. पदवी हातात आली आणि पुढे काय, या प्रश्नाने त्यांना पुरते ग्रासले. वय सत्तावीस, वडिलांच्या घरात वास्तव्य, प्रकृती क्षीण, व्यवसाय करण्याची इच्छा नाही. १८७० च्या मार्चमध्ये मिनी टेंपल ही त्यांची अतिशय लाडकी चुलत-आप्त क्षयाने वारली. माणूस हे केवळ मज्जातंतूंचे यंत्र असेल, तर प्रयत्न, निश्चय, निवड या शब्दांना अर्थच उरत नाही, हा विचार त्यांना छळत होता. ज्या विज्ञानाचे त्यांनी शिक्षण घेतले होते, त्याच विज्ञानाने त्यांच्या जगण्याचा आधार काढून घेतला होता. आत्महत्येचे विचारही या काळात त्यांच्या मनात येऊन गेले.

३० एप्रिल १८७० च्या रोजनिशीत त्यांनी एका निर्णयाची नोंद केली. रनूव्हिए या फ्रेंच तत्त्वज्ञाचा निबंध त्यांच्या वाचनात आला होता. मनात अनेक विचार येऊ शकत असता त्यांपैकी एकच विचार स्वेच्छेने धरून ठेवणे म्हणजे इच्छास्वातंत्र्य, अशी त्या निबंधातील व्याख्या. हे स्वातंत्र्य भ्रामक का मानावे, असा प्रश्न जेम्स यांनी स्वतःला विचारला आणि इच्छास्वातंत्र्यावर विश्वास ठेवणे हीच आपली पहिली स्वतंत्र कृती असेल असे ठरवले. या नोंदीला त्यांच्या चरित्रांत मानाचे स्थान मिळाले आहे. तरी त्या एका दिवसाने त्यांचा आजार बरा झाला असे समजणे बरोबर नव्हे. औदासीन्य नंतरही परतून येत राहिले. त्यांना खरोखर सावरले ते कामाने, आणि ते काम मिळायला आणखी दोन वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

१८७२ मध्ये एलियट यांनी आपल्या या जुन्या विद्यार्थ्याला हार्वर्डच्या पदवी वर्गांना शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यासाठी बोलावले. १८७३ च्या आरंभी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, जेम्स यांनी आयुष्यातील पहिली नोकरी सुरू केली. ठरावीक वेळी वर्गावर जाणे, समोर तरुण चेहरे असणे, आपल्या बोलण्याला कोणी प्रश्न विचारणे यांचा त्यांच्या प्रकृतीवर इष्ट परिणाम झाला. पुढील वर्षी काम कायम होण्याची चिन्हे दिसताच पुन्हा जुना पेच उभा राहिला. ओढ तत्त्वज्ञानाची होती. परंतु आयुष्याच्या मूलभूत प्रश्नांवर रोज शंका घेत राहणे हा धंदा झाला, तर आपला मानसिक तोल ढळेल, अशी भीती त्यांना वाटत होती. जीवशास्त्रातील ठोस वस्तुस्थिती हा निदान एक आधार होता. विषय निवडताना बुद्धीचा कल पाहिला जातो, आवड पाहिली जाते. त्या विषयाचे ओझे आपल्या मनाला झेपेल का हा विचार त्यांच्याइतक्या प्रांजळपणे क्वचितच केला जातो.

मानसशास्त्राने हा पेच सोडवला. १८७५ मध्ये त्यांनी शरीरक्रियाशास्त्र व मानसशास्त्र यांच्या परस्परसंबंधावर उच्च वर्गांसाठी अभ्यासक्रम सुरू केला आणि प्रात्यक्षिकांसाठी लहानशी जागाही मिळवली. लवकरच पदवीपूर्व विद्यार्थ्यांनाही हा विषय उपलब्ध झाला. नुसत्या शरीरशास्त्रज्ञाच्या किंवा नुसत्या तत्त्वज्ञाच्या हाती हा विषय सोपवून चालणार नाही, दोन्हींची तयारी एका व्यक्तीत हवी, असे त्यांनी एलियट यांना पटवून दिले. अशी तयारी असलेली व्यक्ती हार्वर्डमध्ये एकच होती, हे सांगायला नकोच. मानसशास्त्रावरील पहिले व्याख्यान आपण ऐकले ते आपण स्वतः दिलेले, असे ते पुढे गमतीने सांगत. त्यांचे विद्यार्थी स्टॅन्ली हॉल यांना १८७८ मध्ये हार्वर्डने पीएच.डी. दिली, ही मानसशास्त्रातील अमेरिकेतील पहिली पीएच.डी. मानली जाते. शिक्षकाजवळ नसलेली पदवी विद्यार्थ्याला मिळाली.

त्याच वर्षी जेम्स यांचा ॲलिस गिबन्स यांच्याशी विवाह झाला आणि हेन्री होल्ट या प्रकाशकाशी मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचा करारही झाला. दोन वर्षांत पुस्तक देण्याचे कबूल करून त्यांनी बारा वर्षे घेतली. १८९० मध्ये ‘प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ हा द्विखंडात्मक, सुमारे चौदाशे पृष्ठांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी त्याची संक्षिप्त आवृत्ती निघाली. विद्यार्थी मोठ्या ग्रंथाला जेम्स आणि छोट्याला जिमी म्हणू लागले.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला या ग्रंथातील एक कल्पना अपरिचित नाही. जाणीव ही सुट्या विचारांची साखळी नसून ती अखंड वाहणारा प्रवाह आहे, हे जेम्स यांनी तेथे विस्ताराने मांडले. पुढे इंग्रजी समीक्षेने ही संज्ञा कादंबरीसाठी उचलली आणि मराठीत ती संज्ञाप्रवाह या नावाने स्थिरावली. बा. सी. मर्ढेकर यांच्या ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) या कादंबरीचा विचार करताना आपण जो शब्द वापरतो, त्याचे मूळ असे एका मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आहे. सवय, अवधान, भावना, इच्छाशक्ती यांवरील त्यांची प्रकरणेही अजून वाचनीय आहेत. मात्र ग्रंथ पूर्ण होईपर्यंत त्यांचा या विषयावरील विश्वास काहीसा ओसरला होता. मानसशास्त्र हे अद्याप विज्ञान झालेले नाही, ती केवळ विज्ञानाची आशा आहे, असा निष्कर्ष त्यांनी संक्षिप्त आवृत्तीच्या अखेरीस नोंदवला. प्रयोगशाळेचा तर त्यांना मनापासून कंटाळा होता. १८९२ मध्ये वुंट यांचे विद्यार्थी ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांना जर्मनीहून बोलावून त्यांनी प्रयोगशाळा त्यांच्या स्वाधीन केली. म्युन्स्टरबर्ग यांच्याच हाताखाली शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त यांनी पुढे कलकत्ता विद्यापीठात भारतातील पहिल्या मानसशास्त्र विभागाची उभारणी केली.

जेम्स शिकवत होते त्या काळात हार्वर्डमध्ये आणखी एक मोठा बदल घडत होता. पूर्वी पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ग्रीक, लॅटिन, गणित असे ठरलेले विषय घ्यावे लागत. एलियट यांनी टप्प्याटप्प्याने ऐच्छिक विषयांची पद्धत आणली. १८८४ पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही बहुतांश विषय स्वतः निवडता येऊ लागले. निवडीचे हे स्वातंत्र्य मिळाल्यामुळेच मानसशास्त्रासारख्या नव्या विषयाला विद्यार्थी लाभले. त्याबरोबर, काय निवडावे हा सल्ला विचारण्यासाठी विद्यार्थी शिक्षकाच्या दारी येऊ लागले. जेम्स यांनी दिलेले सल्ले पाहिले, तर त्यांत सरसकट असे काही सापडत नाही.

एडवर्ड थॉर्नडाइक हे दुसऱ्या महाविद्यालयात पदवीचा अभ्यास करत असताना मानसशास्त्राचा नेमलेला अभ्यासक्रम त्यांना नीरस वाटला होता. पुढे एका पारितोषिकाच्या परीक्षेसाठी जेम्स यांच्या ग्रंथातील प्रकरणे वाचावी लागली आणि त्यांचे मत पालटले. साहित्याच्या अभ्यासासाठी ते १८९५ मध्ये हार्वर्डला आले, जेम्स यांच्या वर्गात बसले आणि साहित्य सोडून मानसशास्त्राचे झाले. कोंबडीची पिले शिकतात कशी, हा त्यांचा विषय. घरमालकिणीने पिलांना घरात ठेवू देण्यास नकार दिला, विद्यापीठात जागा मिळेना. तेव्हा जेम्स यांनी आपल्या घराच्या तळघरात त्या पिलांची सोय केली. त्यांच्या मुलांची यामुळे मोठी करमणूक झाली. अध्ययनविषयक मानसशास्त्राचा एक पाया अशा रीतीने एका प्राध्यापकाच्या तळघरात रचला गेला.

डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला मात्र त्यांनी वेगळा सल्ला दिला. फिस्क विद्यापीठाची पदवी घेऊन हार्वर्डमध्ये पुन्हा बी.ए.ला बसलेल्या या तरुणाला तत्त्वज्ञानाची ओढ होती. जेम्स यांचे त्याच्यावर प्रेम होते, त्यांच्या घरी त्याचे जाणेयेणे होते. तत्त्वज्ञानाच्या बळावर पोट भरणे कठीण आहे, दुसरा इलाज असेल तर ही वाट धरू नये, असे त्यांनी त्याला स्पष्ट सांगितले. ड्यू बॉइस इतिहास आणि समाजशास्त्राकडे वळले व अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रश्नांचे थोर अभ्यासक झाले. वडिलांच्या पैशावर दहा वर्षे विषय बदलत राहिलेल्या माणसाने हा सल्ला द्यावा, यात विसंगती दिसू शकेल. माझ्या मते ती विसंगती नव्हे. जी मोकळीक स्वतःला मिळाली ती प्रत्येकाला मिळत नाही, याची जाण त्यामागे होती. तो सल्ला कटू असला तरी प्रामाणिक होता.

मोकळीक नसणे म्हणजे काय, हे मेरी व्हिटन कॅल्किन्स यांच्या उदाहरणात अधिक स्पष्ट होते. त्या स्त्रियांसाठी असलेल्या वेलस्ली महाविद्यालयात ग्रीक भाषा शिकवत होत्या. महाविद्यालयाला मानसशास्त्र हा विषय सुरू करायचा होता. वर्षभर त्याचा अभ्यास करून आल्यास ते काम तुम्हाला देऊ, असे त्यांना सांगण्यात आले. अभ्यास करायचा कोठे? हार्वर्डमध्ये स्त्रियांना प्रवेश नव्हता. जेम्स यांनी त्यांना आपल्या वर्गात घेण्याची तयारी दर्शवली. एलियट यांचा विरोध होता. वडिलांनी अर्ज केला आणि ऑक्टोबर १८९० मध्ये परवानगी मिळाली, ती अशी की कॅल्किन्स यांनी वर्गात बसावे, परंतु त्यांची गणना विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांत होणार नाही. काही आठवड्यांत वर्गातील इतर विद्यार्थी गळाले. मग शेकोटीच्या एका बाजूस जेम्स आणि दुसऱ्या बाजूस कॅल्किन्स, मध्ये नुकताच छापून आलेला ग्रंथ, असे ते अध्यापन चालले. सत्तावीस वर्षांच्या त्या अध्यापिकेला मानसशास्त्राचे याहून चांगले शिक्षण जगात कोठे मिळाले असते, सांगता येत नाही.

पुढच्याच वर्षी त्यांनी वेलस्लीत प्रयोगशाळा उभी केली. पुन्हा हार्वर्डला येऊन म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे त्यांनी स्मरणाविषयी संशोधन केले. शब्दांच्या वा अंकांच्या जोड्या लक्षात ठेवण्याची जी प्रयोगपद्धती मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही करावी लागते, तिचे मूळ या संशोधनात आहे. १८९५ मध्ये पीएच.डी.च्या तोडीची अनौपचारिक परीक्षा झाली. परीक्षकांत जेम्स, म्युन्स्टरबर्ग, रॉइस ही मंडळी होती. सर्वांनी एकमताने त्यांना उत्तीर्ण ठरवले. हार्वर्डमध्ये आपण पाहिलेल्या परीक्षांत ही सर्वांत तेजस्वी, असे जेम्स यांचे मत पडले. विद्यापीठाने पदवी दिली नाही. १९०२ मध्ये हार्वर्डशी संलग्न असलेल्या रॅडक्लिफ या स्त्रियांच्या महाविद्यालयाची पदवी त्यांना देऊ करण्यात आली. आपले अध्ययन हार्वर्डमध्ये झाले असल्याने त्यांनी ती नम्रपणे नाकारली.

पदव्यांविषयी जेम्स यांच्या मनात पुढे जी चीड निर्माण झाली, तिला अशा अनुभवांची पार्श्वभूमी होती. १९०३ मध्ये त्यांनी एक निबंध लिहून पीएच.डी.ला आठ हातांच्या समुद्रप्राण्याची उपमा दिली. हार्वर्डमध्ये तत्त्वज्ञान शिकलेल्या एका हुशार विद्यार्थ्याला दुसऱ्या महाविद्यालयाने इंग्रजी साहित्य शिकवण्यासाठी नेमले होते. त्याच्या नावापुढे पीएच.डी. नाही हे लक्षात येताच तेथील चालकांनी ती मिळवण्याची अट घातली. ही पदवी साहित्य शिकवण्याच्या पात्रतेविषयी काय सांगते, असा जेम्स यांचा प्रश्न होता. पदवी ही विद्वत्तेला प्रोत्साहन म्हणून जन्मली आणि नोकरीच्या दारावरचा पहारेकरी बनली, असे त्यांचे म्हणणे. विद्यापीठे हे बंधन सैल करतील अशी त्यांची आशा होती. ती फोल ठरली. आपण त्यांच्याशी सहमत असलो, तरी पदवीवाचून चालणार नाही अशा जगात आपण राहतो.

स्वतः जेम्स एव्हाना मानसशास्त्रापासून दूर गेले होते. १८८९ मध्ये मानसशास्त्राचे प्राध्यापक हे पदनाम त्यांनी स्वीकारले होते. १८९७ मध्ये ते बदलून पुन्हा तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असे करून घेतले. तारुण्यात ज्या विषयाची भीती वाटली होती, त्याला सामोरे जाण्याइतके बळ आता अंगी आले होते. एडिंबरो येथील व्याख्यानांतून धार्मिक अनुभवांवरील त्यांचा ग्रंथ १९०२ मध्ये तयार झाला, १९०७ मध्ये ‘प्रॅग्मॅटिझम’ प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी त्यांनी हार्वर्डमधील अध्यापन थांबवले. हृदयविकार बळावत गेला. २६ ऑगस्ट १९१० रोजी न्यू हॅम्पशायरमधील चोकोरुआ येथील आपल्या उन्हाळी घरी त्यांचे निधन झाले.

अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्षपद जेम्स यांनी १८९४ व १९०४ असे दोनदा भूषवले. १९०४ नंतर, म्हणजे १९०५ मध्ये, त्या पदावर आलेली व्यक्ती मेरी कॅल्किन्स ही होती. संघटनेची ती पहिली स्त्री अध्यक्ष. १९२७ मध्ये हार्वर्डच्या काही पदवीधरांनी, ज्यांत तळघरात पिले वाढवणारे थॉर्नडाइकही होते, कॅल्किन्स यांना बत्तीस वर्षांपूर्वी मिळवलेली पदवी आता तरी द्यावी असा अर्ज विद्यापीठाकडे केला. विद्यापीठाने तो फेटाळला. कॅल्किन्स १९३० मध्ये वारल्या.